बोटीचं मशीन पाच मिनिटं चालतं आणि मध्यावर बंद पडतं: दर पावसाळ्याचं रडगाणं

परवा पलीकडच्या गावातल्या एका पोराचा फोन आला. दादा, मशीन दोन दोऱ्यांत सुरू होतंय, काठावर असेपर्यंत झकास, जरा आत गेलं की आवाज बसतो आणि फुस्स, मग दहा मिनिटं थांबलं की परत चालू. मला हसूच आलं, कारण तीन वर्षं आमचं हेच रडगाणं होतं. त्याला फोनवर सांगून सांगून घसा बसला म्हणून आता सगळं एकदाच लिहून टाकतो, पुढच्या वेळी फोनवर बोलण्यापेक्षा हेच पाठवीन.

आधी एक सांगतो, आमच्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात मोटर म्हटलं की लोकांना नदीवरची पाण्याची मोटरच आठवते, म्हणून बोटीच्या मागं लावतात त्याला आम्ही मशीन म्हणतो आणि इथंही तेच म्हणणार. आमचं मशीन २५ एचपी, टू-स्ट्रोक, दोरी ओढून सुरू करायचं, २४ लिटरची टाकी वेगळी बोटीत ठेवायची, मधी रबरी पाईप आणि त्यात तो दाबायचा फुगा. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर बघितल्यावर मंडळानं गणपतीच्या वर्गणीतनं सेकंडहँड घेतलं होतं. कारदगा-भोज, भोजवाडी-कुन्नूर, जत्राट-भिवशी हे पूल पाण्याखाली जायला आमच्याकडं काय लागतंय, कोकणाच्या बाजूला चार दिवस धरून पाऊस झाला की बास. मग पलीकडची वैरण आणायची, नदीकाठच्या मोटारी वर काढायच्या, कुणाला दवाखान्यात न्यायचं, आणि नेमकं तेव्हाच हे महाराज रुसणार. २०२१ च्या जुलैत तर वल्ह्यानं काठ गाठला, दूधगंगा तेव्हा कशी चालली होती ते बघितलेल्यांना वेगळं सांगायला नको.

तर आम्ही काय करायचो? इंजिनात ठिणगी पाडतो तो प्लग बदलायचो. आमच्या गावात प्लग म्हणजे पॅरासिटामॉल आहे, दुखणं कुठलंही असू दे आधी प्लग. नवा प्लग टाकला की मशीन सुरू व्हायचं (ते तसंही दहा मिनिटांनी सुरू झालंच असतं) आणि आम्हाला वाटायचं जमलं. असे किती प्लग बदलले काय विचारू नका. मग एका वर्षी कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देतो तो भाग, उतरवून धुतला, दोन दिवस चाललं, परत तेच. शेवटी गोकाकच्या बाजूचे एक मिस्त्री आले, धरणातल्या मासेमारीच्या बोटींची कामं करणारे, वय झालेले गृहस्थ. मशीनचं टोपण उघडायच्या आधी ते टाकीजवळ गेले, झाकणावरचा छोटा स्क्रू बोटानं फिरवला तर टाकीत हवा शिरल्याचा सूं असा मोठा आवाज आला. मग झाकण काढून वास घेतला आणि म्हणाले, "पेट्रोल हळेदु ऐती री." पेट्रोल जुनं आहे. झालं, तीन वर्षांचं कोडं दोन मिनिटांत सुटलं, आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलो.

म्हणून पहिलं काम, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू. गाडीतनं टाकी नेताना पेट्रोल सांडू नये म्हणून तो बंद करतात, ते बरोबरच आहे, पण पाण्यात गेल्यावर उघडायचं राहून जातं. मशीन पेट्रोल ओढत जातं, टाकीत त्याच्या जागी हवा येत नाही, ओढायला जड होत जातं आणि पाच-दहा मिनिटांनी पेट्रोल पोचायचं बंद. थांबलं की कुठूनतरी हळूहळू हवा शिरते म्हणून परत सुरू होतं. टाकी भरलेली असेल तर लवकर बंद पडतं, निम्मी असेल तर जरा जास्त चालतं, कारण आत हवा जास्त असते. आम्हाला हे दिसत होतं ओ, पण आम्ही म्हणायचो फुल टाकी केली की पेट्रोल जादा होतंय!

स्क्रू उघडा असून पण बंद पडत असेल तर फुग्याला हात लावा. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, बाकी विसरलात तरी चालेल. मशीन मरायला लागलं की लगेच, त्याच क्षणी फुगा बघा. चपटा होऊन आत ओढला गेला असेल तर अडचण टाकीच्या बाजूला आहे, म्हणजे हवेचा स्क्रू, टाकीच्या आतल्या नळीची जाळी, नाहीतर पाईप कुठंतरी दुमडलाय, आमच्यात एकदा कोणीतरी पाईपवर वैरणीची पेंढी ठेवून वर स्वतः बसला होता. फुगा मऊ असेल आणि तुम्ही दाबत राहिलात की मशीन परत उठत असेल तर मशीनवरच्या पेट्रोल पंपाचा पातळ पडदा गेला असेल, किंवा पाईपला चीर असेल, जोडाची रबरी रिंग गेली असेल, तिथनं पेट्रोलऐवजी हवा ओढली जातेय. फुगा कितीही दाबा घट्टच होत नसेल तर आतली झडप गेली, नाहीतर हवा कुठंतरी शिरतेय. आणि फुगा दगडासारखा घट्ट असून मशीन बंद पडत असेल, तर पेट्रोल मशीनपर्यंत आलंय, कार्बोरेटर तुंबलाय किंवा मग खरंच करंटचा, म्हणजे प्लगच्या ठिणगीचा विषय आहे. फुग्यावर बाण असतो, तो मशीनकडं पाहिजे, आणि दाबताना फुगा उभा धरून बाण वर करायचा, आडवा धरून दाबला तर आतल्या झडपा नीट बसत नाहीत.

करंट बघायचा तर मशीन बंद पडल्या पडल्या गरम असतानाच बघायचा, कारण काही कॉईल थंड असताना चांगली ठिणगी देतात आणि तापल्या की झोपतात. घरी येऊन चहा पिऊन बघितलं तर ठिणगी फर्स्टक्लास दिसणार आणि तुम्ही फसणार. प्लग काढून, टोपी लावून, त्याचं लोखंड इंजिनाला टेकवून दोरी ओढायची, पण प्लगच्या भोकापासून लांब धरा, तिथनं पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ठिणगी जवळ असली की भडका उडतो. बिडी शिलगावून जवळ उभं राहणाऱ्या काकांना आधी लांब पाठवा.

आता जुन्या पेट्रोलचं. आपल्याकडं पूर ओसरला की मशीन शेडमध्ये जातं, टाकीत पाच-सात लिटर तसंच, कार्बोरेटरमध्ये पण तसंच, आणि मग मृगाच्या तोंडावर आठवण येते. एवढ्या महिन्यांत पेट्रोलमधलं पातळ ते उडून जातं, ऑईल आणि चिकट राळ राहते, बारीक भोकाचे जेट त्यानं तुंबतात. शिवाय आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच उसाच्या कारखान्यांतलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही, उसाचं बिल त्याच्यावर पण येतं. पण इथेनॉल पाणी ओढतं, पावसाळी हवेतलं सुद्धा. पाणी एका मर्यादेपुढं गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं, पेट्रोल वर राहतं, आणि टाकीची नळी कुठनं ओढते? तळातनं. जुन्या मशीनचे रबरी पाईप, पंपाचा पडदा, वायसर हे पण इथेनॉलनं मऊ पडतात नाहीतर फुगतात. म्हणून पाईप बदलताना इथेनॉल चालणारा म्हणून मागून घ्या, दुकानात शेतीपंपाची नळी कापून देतात ती नको.

बघायचं कसं? टाकी तासभर हलवायची नाही, मग तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यायचं आणि उजेडात धरायचं. खाली वेगळा थर दिसला, थेंब लोळताना दिसले, किंवा वास पेट्रोलचा न येता वार्निशचा आला तर सगळं पेट्रोल काढून टाका, नवं मिसळून सुधारत नाही. काढलेलं पेट्रोल नदीत ओतू नका आणि चुलीत तर अजिबात नको, आमचं गॅरेजवाल्यानं पार्ट धुवायला नेलं. कार्बोरेटरचे जेट धुताना तार घालायची नाही, पितळेचं भोक मोठं होतं आणि मग मशीन कायमचं जास्त पेट्रोल खातं. स्प्रे मारा, हवा मारा, बास.

ऑईलचं एकदा स्पष्ट सांगतो कारण यावर दर वर्षी भांडण होतं. टू-स्ट्रोक मोटरसायकलचं टू-टी ऑईल वेगळं आणि बोटीचं वेगळं. बोटीच्या डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं असतं, ते पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं आणि राख न धरणारं असतं. गाडीचं घातलं तर मशीन चालतं, चालत नाही असं मी म्हणत नाही, पण पिस्टनवर काजळी बसत जाते आणि प्लग सारखे काळे होतात, मग परत प्लग बदला. आमच्या मशीनला ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली, २० लिटरला ४०० मिली. काही मशीनना १०० ला १ चालतं, तुमच्या पुस्तकात काय आहे ते बघा, शेजाऱ्याला विचारून घालू नका. "दोन झाकणं जादा टाक, इंजिनाला बरं" हा सल्ला आमच्याकडं फुकट मिळतो, त्यानं नुसता धूर होतो.

मशीन सुरूच होत नसेल तर टोपण उघडायच्या आधी दोन गोष्टी: किल स्विचची (मशीन झटक्यात बंद करायचं बटण) लाल दोरी क्लिपसकट जाग्यावर आहे का आणि गिअर न्यूट्रलमध्ये आहे का. क्लिप नसताना चार पैलवान पोरं आळीपाळीनं दोरी ओढून घामाघूम झालेली मी स्वतः बघितलीत. त्यातला एक मीच.

आता दुसरं दुखणं, पाणी. मशीन सुरू झालं की मागनं बारीक पाण्याची धार बाहेर पडते, तीच तुमची नाडी. धार नाही तर मशीन लगेच बंद करा, बघू जरा वेळ असं नाही, लगेच. नदीचं पाणी वर ओढून इंजिन थंड करायला खाली रबरी पाकळ्यांचं चक्र असतं, इंपेलर. समुद्रावरच्या लोकांना मिठाची काळजी असते, आपल्याला मिठाची नाही पण पुराच्या तांबड्या पाण्यातली माती आणि बारीक वाळू त्या पाकळ्या घासून काढते. पुस्तकात इंपेलर वर्षाला बघा असं असतं, पुराच्या पाण्यात चालवलं असेल तर मी म्हणतो पावसाळा संपला की उघडूनच बघा. पाकळ्या वाकून तशाच राहिल्या असतील, कडा गोल झाल्या असतील तर नवीन टाका, आणि पाकळीचा तुकडा गायब असेल तर तो शोधल्याशिवाय मशीन जोडू नका, तो वर पाण्याच्या वाटेत जाऊन अडकलेला असतो आणि नवा इंपेलर टाकून पण मशीन तापत राहतं. खोलताना शाफ्टवरची छोटी चावी गवतात पडते, आमची पडली, दोन तास पोरं मोबाईलच्या बॅटरीवर शोधत होती, खाली चादर अंथरा.

पण धार नाही म्हणजे इंपेलरच गेला असं नसतं. आधी पाणी आत घेणाऱ्या जाळ्या बघा, आपल्या नदीत केंदाळ, उसाचं पाचट, प्लास्टिकच्या पिशव्या सगळं वाहत येतं आणि तिथं चिकटतं. मग धारेचं भोक. एका वर्षी उन्हाळाभर मशीन शेडमध्ये उभं होतं, मृगात काढलं तर धारच नाही, इंपेलर उघडला तर नवा कोरा. शेवटी भोकात तार घातली तर सुकलेली माती पडली, कुंभारीण माशीनं आत घर केलं होतं! तेव्हापासून भोकाला कापडाची वात लावून ठेवतो, बाहेर लोंबती, आणि तिला लाल रिबन, नाहीतर काढायची विसरून परत तेच रडगाणं.

कोरडं मशीन सुरू करू नका, अर्धा मिनिट सुद्धा. "नुसतं चालतंय का बघतो" म्हणून पाण्याशिवाय सुरू केलं की इंपेलर तेवढ्यात करपतो. २०० लिटरचं प्लास्टिकचं पिंप वरनं कापून घ्या, त्यात मशीन लावून पंख्याच्या (बोट ढकलतो तो, पाण्याखालचा) वरच्या आडव्या पट्टीच्या वर पाणी येईपर्यंत भरा, न्यूट्रलमध्ये सुरू करा, शक्यतो पंखा काढून, आणि उघड्यावर, बंद शेडमध्ये धुरानं जीव जातो. पूर संपल्यावर बोरच्या स्वच्छ पाण्यात असं दहा-पंधरा मिनिटं चालवलं की आतली माती निघते. शेवटी पेट्रोलचा पाईप काढून टाकायचा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं, कार्बोरेटर रिकामा होतो, मग खालचा स्क्रू सोडून राहिलेले चार थेंब पण काढायचे. जूनमधला निम्मा त्रास इथंच मिटतो. मशीन उभंच ठेवा म्हणजे आतलं पाणी निथळतं, आणि वायरी उंदीर खातात, उसाच्या फडाजवळ शेड असेल तर नक्की खातात.

आता गिअर ऑईल, मशीनच्या खालच्या टोकाला गिअरच्या डब्यात असतं ते. डब्याचा खालचा स्क्रू काढा, मग वरचा. आधी पाणी पडलं किंवा ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं तर सील गेलंय. बहुतेक वेळा कारण पंख्याच्या मागं सापडतं, मासे धरायच्या जाळ्याची तंगूस (नायलॉनचा दोरा) शाफ्टला गुंडाळून सीलमध्ये घुसलेली असते. पंखा काढून बघितल्याशिवाय ती दिसत नाही. नवं ऑईल नेहमी खालच्या भोकातनं भरायचं, वरच्या भोकातनं बाहेर येईपर्यंत, वरनं ओतलं तर हवा अडकून कमी भरतं. वायसर दर वेळी नवे, तेवढ्यासाठी कंजुषी नको. पंखा परत बसवताना शाफ्टला ग्रीस लावा नाहीतर पुढच्या वेळी हातोडा लागतो. आणि इंजिन बोंबलतंय पण बोट जागची हलत नाही असं झालं तर छोट्या मशीनच्या पंख्याची शिअर पिन तुटलीय, मोठ्याच्या पंख्यातलं रबर सुटलंय. पाण्याखालच्या बंधाऱ्यावर नाहीतर दगडावर आपटलं की हे होतं.

हे सगळं करायचं कधी हा खरा प्रश्न. पुस्तकात १०० तास किंवा ६ महिने लिहिलंय, आमचं मशीन वर्षाला ३० तास पण चालत नाही, त्यामुळं १०० तास कधी होणार म्हणून आम्ही निवांत, आणि ते ६ महिने कुणी वाचलेच नव्हते. तास कोण मोजतंय? म्हणून सणाला बांधून टाकलं. कर्नाटकी बेंदराला बैल धुतात त्या आठवड्यात मशीन बाहेर, नवं पेट्रोल, पिंपात धार बघायची, फुगा बघायचा, क्लँपचे बोल्ट आवळायचे. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं निघतात, ट्रॅक्टर धुतात, नांगर-कोयत्याला हळदकुंकू लागतं, तेव्हा मशीनचं गिअर ऑईल, इंपेलर, पेट्रोल काढणं, ग्रीस, सगळं उरकायचं आणि मगच हार घालायचा. पहिल्या वर्षी म्हातारी माणसं म्हणाली हा काय नवीन देव आणला, आता तीच विचारतात मशीनचं झालं का. मधी एकदा संक्रांतीच्या आसपास पिंपात पाच मिनिटं चालवतो, परत कार्बोरेटर रिकामा करून ठेवतो. भिंतीवर कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तारीख आणि काय केलं ते पेन्सिलीनं लिहायचं, वहीचा प्रयोग केला होता, वही पोरांनी क्रिकेटच्या स्कोअरला नेली.

बोटीत डब्यात दोन प्लग, प्लगपाना, शिअर पिन, स्क्रू-ड्रायव्हर, जादा किल स्विच क्लिप, दोन हात दोरी आणि तंगूस कापायला धारदार सुरी. वल्ही कायम. त्या फोनवाल्या पोराला फुगा कसा आहे ते बघून फोन कर म्हटलं होतं, काल त्याचा मेसेज आला, फुगा चपटा झाला होता, स्क्रू उघडला आणि आता पलीकडं दोन फेऱ्या झाल्या म्हणे. पेट्रोल कधीचं आहे म्हणून विचारलंय, अजून उत्तर नाही.